सोलापुरात नादारीचा वकील कसा निवडला: माझा अनुभव

सोलापुरात दिवाणी वकील भरपूर, पण फक्त नादारीचं, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं कोर्टाकडून ठरवून घेण्याचं, काम करणारा वकील मला तरी भेटला नाही. म्हणून शोध वकिलापासून सुरू करू नये, कर्जापासून करावा. कुठलं देणं कुठल्या कचेरीत अडकलंय हे एकदा कळलं, की कोणत्या कामाचा वकील लागेल ते आपोआप ठरतं. माझा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना एकट्याच्या नावावर होता. देणी बँकेची, पतसंस्थेची, सूत व्यापाऱ्यांची आणि नात्यातली हातउसनी, म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखानदाराच्या वहीत असतात तशीच. पुढचं सगळं अशा देण्यांना धरून लिहिलं आहे.

कायद्याचा घोळ आधी समजून घ्या, कारण वकील पारखायची पहिली कसोटी तिथेच आहे. मोबाईलवरचे व्हिडिओ सांगतात की २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली, आता साध्या माणसालाही नव्याने सुरुवात करता येते. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत आणि कर्ज ३५ हजारांपर्यंत असेल तर ते माफ, असे आकडेही देतात. आकडे संहितेत आहेत हे खरं. पण संहितेचा तो भाग सर्वसामान्य व्यक्तीसाठी अजून लागूच झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. एकट्याच्या नावावर धंदा असलेला कारखानदार, दुकानदार, नोकरदार यांना सोलापुरात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातो. राज्य सरकारने अधिकार दिले असतील तर खालच्या न्यायालयातही चालतो. मी प्रत्येक वकिलाला आधी एवढंच विचारत असे: "माझा अर्ज कुठल्या कायद्याखाली आणि कुठे लागेल?" जे लगेच "एनसीएलटीत टाकू" (म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) म्हणाले, तिथून नमस्कार करून निघालो. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे हमीदार असाल तर मात्र तेच उत्तर बरोबर ठरू शकतं. कंपनीचं प्रकरण एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे असेल, तर हमीदाराचंही तिकडेच जातं. त्या कामाला मुंबई-पुण्याचाच वकील घ्यावा.

वकिलाच्या पायरीवर जाण्याआधी यादी करा. ही यादी म्हणजे अर्धं काम आहे. चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढा. बँका आणि फायनान्स कंपन्या त्यात येतात. सूतवाला, हातउसने आणि बऱ्याच पतसंस्था त्यात नसतात. त्या स्वतःच्या वहीतून काढाव्या लागतात. प्रत्येक देणेकऱ्यापुढे (म्हणजे ज्याचं आपण देणं लागतो त्याच्या नावापुढे) इतकं लिहा: पूर्ण पत्ता पिनकोडसकट, मुद्दल, व्याज, घेतल्याची तारीख, तारण काय, जामीनदार कोण, कोरे चेक दिलेत का, दावा किंवा नोटीस आली असेल तर नंबर आणि ती हातात पडल्याची तारीख. नोटिशीचं पाकीट फेकू नका. मुदत कधीपासून धरायची या वादात त्यावरचा टपालाचा शिक्का कामाला येतो. दुसऱ्या कागदावर मालमत्ता: सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, गाड्या, विमा पॉलिसी, माग, शिल्लक माल, येणं बाकी. तिसऱ्यावर गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाच्या नावावर काय केलं आणि कोणाला किती परत दिलं. तिसरा कागद लोक टाळतात, आणि प्रकरण पुढे बहुतेक वेळा तिथेच फसतं.

मग देण्यांची वाटणी करा. बँकेने तारण मालमत्तेवर सरफेसीची (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस दिली असेल आणि पुढे ताब्याची कारवाई केली असेल, तर ४५ दिवसांत पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जावं लागतं. ते काम तिथे नियमित उभा राहणाऱ्या वकिलाचं. नादारीचा अर्ज तारणदार बँकेचा हात धरत नाही. तारण विकण्याचा तिचा हक्क कायम राहतो. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही, आणि उरलेली बाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांच्या आत असली तरी चालत नाही. एवढं तपासायला कुणाची फी लागत नाही. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला असेल, तर सहकार खात्यात रोज वावरणारा वकील पाहा. त्या दाखल्याविरुद्ध फेरतपासणीला जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणून दाखला निघण्यापूर्वी निबंधकांपुढे हजर राहून म्हणणं देणं फार महत्त्वाचं. पतसंस्था मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) असेल तर प्रकरण लवादापुढे जातं आणि लवादाच्या निवाड्याला आव्हान जिल्हा न्यायालयात. विनापरवाना सावकार असेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे. हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं, म्हणजे विनातारण देणी, व्यापारी, हातउसने आणि त्यांचे हुकूमनामे (कोर्टाने दिलेले वसुलीचे निकाल), तेच खरं नादारीचं क्षेत्र. कधी असंही निघतं की नादारीची गरजच नाही, बँकेशी एकरकमी तडजोड आणि दोन दावे नीट लढवणं पुरेसं आहे. हे तोंडावर सांगणारा वकील भेटला तर त्याचं मोल ओळखा.

माणूस शोधायचा कुठे? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, म्हणून इंटरनेटवर सर्वांत वर दिसणारं नाव हा निकष धरू नका. "कर्ज निम्मं करून देतो, हप्ते थांबवा, आमची फी दरमहा भरा" असं फोनवर सांगणाऱ्या कंपन्या वकील नसतात, हेही लक्षात ठेवा. माझ्या मते खरी माहिती दोन ठिकाणी मिळते. एक, तुमचा कर सल्लागार किंवा सीए. त्याच्या अशिलांपैकी कोणी ना कोणी या वाटेने गेलेला असतो. दुसरं, कोर्टात दरखास्तीचं काम करणारे वकील. हुकूमनाम्याची बजावणी, जप्ती, अटक वॉरंट हे ज्यांच्या हाताखालून रोज जातं, त्यांना नादारीचा कायदा पाठ असतो, कारण वॉरंट निघालेला ऋणको, म्हणजे कर्जदार, शेवटी तिकडेच धावतो. बार रूममध्ये "नादारीचं कोण बघतं?" असं विचारलं तर गोलमोल उत्तर मिळतं. "दरखास्तीत ऋणकोच्या बाजूने कोण उभं राहतं?" असं विचारलं, की नेमकी नावं येतात.

नाव मिळालं की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जा, सोलापूर जिल्हा निवडा आणि वकिलाच्या नावाने शोधा. चालू आणि निकाली, दोन्ही प्रकरणं दिसतात. कायद्याच्या नावानेही शोधता येतं. त्यातून प्रांतिक नादारी कायद्याखालचे अर्ज कोणी दाखल केले ते कळतं. निकाल किती लागले यापेक्षा तारखांचा इतिहास वाचा. एखादा अर्ज तारखेमागून तारीख "नोटीस बजावणी"वरच उभा दिसला, तर देणेकऱ्यांचे पत्ते अर्धवट दिले गेले असण्याची शक्यता मोठी. पत्त्यात "नवी पेठ, सोलापूर" एवढंच असलं की बेलिफ परत येतो, नोटीस पुन्हा काढावी लागते, नवी तारीख पडते. पत्ते नीट घेणं हे वकिलाच्या कचेरीचं काम आहे, आणि ते होतं की नाही हे घरबसल्या इथे दिसतं. सनद (वकिलीचा परवाना) चालू आहे का याची खात्री बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून करता येते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको.

भेटीत कागद पुढे करण्याआधी देणेकऱ्यांची नावं वाचून दाखवा आणि विचारा, "यातल्या कोणाच्या पॅनेलवर आपण आहात का?" आपल्याकडे एकच वकील दोन-तीन बँका आणि पतसंस्थांचं काम पाहतो, ही नेहमीची गोष्ट. पॅनेलवर असलेल्याने तुमचं काम घेणं योग्य नाही, आणि चांगला वकील ते स्वतःच सांगतो. मी ज्यांना वकीलपत्र दिलं त्यांनी यादी हातात घेऊन रकमांवर नजरही न टाकता पहिला प्रश्न केला: "यातल्या किती जणांकडे तुमचे सही केलेले चेक आहेत?" प्रश्न बरोबर होता. चेक न वटल्याचा खटला फौजदारी असतो, नादारीने तो संपत नाही. सरकारी देणी, म्हणजे जीएसटीसुद्धा, सुटत नाहीत. फसवणुकीतून झालेलं देणं सुटत नाही, पोटगी सुटत नाही. जो वकील हे आधी सांगत नाही, त्याच्याकडून पुढे धक्काच बसणार.

जामीनदारांचा विषय तर भेटीत हटकून काढा. तुम्ही नादार ठरलात, पुढे कोर्टाच्या आदेशाने देण्यांतून मुक्त झालात, तरी जामीनदार मुक्त होत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा, शेजारी किंवा कारखान्यातला जुना माणूस जामीन असतो, आणि तुमच्या मागचा तगादा थांबला की तो त्यांच्या दाराशी जातो. त्यांच्या पगारातून वसुली सुरू होते. हे त्यांना कोर्टाच्या नोटिशीतून कळू देऊ नका. अर्ज करण्याआधी त्यांना वकिलासमोर बसवा आणि जामीन असलेल्या कर्जाची तडजोड आधी होते का ते पाहा. मात्र एक खबरदारी: अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला मुद्दाम झुकतं माप देऊन पैसे दिले, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. कोणाला, किती, कधी द्यायचं हे वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

आणि एक धोक्याची खूण. "आधी घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करा, मग अर्ज टाकू" असा सल्ला कोणी दिला, तर कागद गोळा करा आणि उठा. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत आलेल्या अर्जावर तुम्ही नादार ठरलात, तर योग्य मोबदल्याशिवाय केलेलं ते हस्तांतरण रद्द करता येतं; मालमत्ता लपवणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. शिवाय सगळं राखायची धडपड करावी लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून जे वगळलंय ते तुमच्याकडेच राहतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं-बैल-बियाणं, पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम, पगाराचा ठरावीक भाग. तुमचे माग किंवा शिलाई मशीन "कारागिराची हत्यारं" यात बसतात का, हा प्रश्न वकिलाला विचाराच. हातमाग विणणारा आणि चोवीस यंत्रमागांचा कारखानदार यांना एकच उत्तर देणाऱ्यावर माझा भरवसा बसला नसता.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि लिहून घ्या: अर्ज तयार करणं, दाखल करणं, नादारीचा आदेश होईपर्यंतच्या तारखा, आणि शेवटी मुक्ततेचा अर्ज. शेवटचा टप्पा फीत धरलाय का ते खास विचारा. आदेशात मुक्ततेचा अर्ज कधीपर्यंत करायचा याची मुदत दिलेली असते. ती चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पुन्हा अर्ज करता येत नाही. मालमत्ता विकून देण्याच्या रुपयामागे पन्नास पैसेही निघत नसतील, तर त्याला तुम्ही जबाबदार नाही हे कोर्टाला पटवावं लागतं. त्यासाठी सुताच्या भावाच्या पावत्या, रद्द झालेल्या ऑर्डरी, आजारपणाचे कागद पहिल्या दिवसापासून जपा. फीशिवाय प्रत्येक देणेकऱ्याला नोटीस बजावण्याचा आणि राजपत्रातील प्रसिद्धीचा खर्च येतो, म्हणजे देणेकरी जितके जास्त तितका खर्च जास्त. "सुटलेल्या कर्जाच्या इतके टक्के" अशी फी मागितली तर नकार द्या. निकालावर अवलंबून फी ठरवणं वकिलाला नियमानेच मना आहे.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. विडी वळणारी बाई यात सरळ बसते. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे.

अर्ज दाखल झाला म्हणजे तगादा थांबला, असं नाही. नवे दावे रोखणारा आडोसा नादारीच्या आदेशानंतर मिळतो. मधल्या काळात अटक वॉरंट असेल तर अंतरिम आदेश वेगळा मागावा लागतो, म्हणून "पहिल्या तारखेला कोणते अंतरिम अर्ज देणार?" हे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या. बँकेच्या वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्रास झाला तर कॉलची नोंद ठेवून वकिलाकडून पत्र पाठवा. आदेशानंतर मुक्तता होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांचीही उधारी घेऊ नका, कायद्यात तो गुन्हा आहे. कंपनीचं संचालकपदही या काळात चालत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आदेशावर अपिलाला सोलापूरकरांना १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाता येतं.

वकील बदलायची वेळ आली तर हिशोब चुकता करून ना हरकत घ्या. फीचा वाद असला तरी मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. तरीही दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून तिच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि मूळ दस्त मागितल्याशिवाय देऊ नका.