फिजिओला का आलीस?

पहिल्या वर्षाच्या वर्गावर गेले की हजेरी झाल्या झाल्या मी एकच प्रश्न विचारते: फिजिओला का आलात? पुढच्या बाकावरून ठरलेलं उत्तर येतं, "मॅम, पेशंटची सेवा करायची आहे." दुसरी म्हणते, "खूप स्कोप आहे, मॅम." मी नुसतं हं हं करते. मग मागून एखादा धीट पोरगा बोलून टाकतो, "मॅम, नीटला मार्क पडले नाहीत." वर्ग खदाखदा हसतो आणि तिथून पुढे खरी उत्तरं यायला लागतात.

मिरजेत माझं क्लिनिक आहे आणि आठवड्यातले काही तास मी एका कॉलेजात शिकवते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, त्याच्या आगेमागे गावभर हॉस्पिटलं वाढत गेली. सांगली-कोल्हापूरचे पेशंट तर येतातच, पण अथणी, चिकोडी, विजापूरकडूनही येतात. त्यामुळे इथल्या पोरांना दवाखाना लहानपणापासून पाठ असतो. डॉक्टर, सिस्टर, मेडिकलवाला, एक्स-रेवाला, सगळे ओळखीचे. फिजिओ मात्र घरात कुणी अंथरुणाला खिळल्याशिवाय दिसत नाही. नीटचा निकाल लागला की ओळखीपाळखीतले आईवडील पोरांना घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, हे फिजिओ म्हणजे नक्की काय असतं?" तेव्हा फॉर्म भरायला दोन दिवस उरलेले असतात.

आधी मार्कांचं बोलून घेऊ. आपल्याकडे बीपीटीएचचा, म्हणजे फिजिओच्या पदवीचा, प्रवेश नीटवरच होतो. परीक्षा एक, रांग एक. पुढे एमबीबीएस, मग बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, आणि त्यामागे आम्ही आणि ऑक्युपेशनल थेरपीवाले. लातूरला किंवा कोट्याला एक वर्ष रिपीट करून झालेलं असतं, घरातले पैसे आणि पोराचा धीर दोन्ही संपत आलेले असतात. मुंबईत महापालिकेच्या केईएम, नायर, सायनच्या जागा मोजक्या, त्या वरच्यावर भरतात. मग कुठल्या तरी राउंडला खासगी कॉलेजात सीट लागते आणि घरात ठरतं, "घेऊन तर ठेवू, पुढच्या वर्षी परत बघू." दिवाळीपर्यंत यांच्या बॅगेत ॲनाटॉमीच्या पुस्तकाखाली नीटच्या प्रश्नसंचांचा गठ्ठा असतो. मला तो दिसतो, मी काही बोलत नाही. काही जण जातात, बरेचसे राहतात. यात मान खाली घालण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. इंजिनिअरिंगची कितीतरी पोरं अशीच मिळेल ती ब्रँच घेतात, त्यांना कुणी "समाजसेवेची आवड आहे का" म्हणून विचारत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. फिजिओत काय नाही ते बघून फिजिओ घेतलं जातं. रक्त नाही. ऑपरेशन नाही. नाईट नाही. रात्री दोनला इमर्जन्सीचा फोन नाही. मुलगी असेल तर ही यादी आणखी लांबते, आणि आमच्या वर्गात मुलीच जास्त असतात. वडील समोरच्या खुर्चीत बसून मला पटवून देतात, "लग्नानंतर घरच्या घरी क्लिनिक टाकता येतं, मॅडम. हलकं काम आहे." मुलगी शेजारी बसून माझ्या टेबलावरच्या मणक्याच्या मॉडेलशी चाळा करत असते. तिला काय वाटतं ते माझ्या देखत तरी कुणी विचारलेलं नसतं.

हलकं काम! अर्धांगवायू झालेल्या नव्वद किलोच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत बसवायचं म्हणजे काय ते या वडिलांना एकदा दाखवायला हवं. खुर्ची चांगल्या बाजूला, थोडी तिरपी लावायची. चाकं लॉक झाली का ते हातानं हलवून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. पेशंटला पलंगाच्या कडेला सरकवून पाय जमिनीला पूर्ण टेकवायचे. त्याच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा समोरून भिडवायचा, म्हणजे तो मध्येच मुडपत नाही. कमरेच्या पट्ट्याला धरायचं, लुळ्या हाताला चुकूनही नाही. मग त्याला पुढे झुकवायचं. डोकं पायाच्या बोटांच्या पुढे आलं की ढुंगण आपोआप सुटतं, आणि त्याच क्षणी एक, दोन, तीन. आपली पाठ वाकली की आपली कंबर गेली. पन्नास किलोची पोरगी हे करते, कारण तिला तोल कळलेला असतो. ताकद लावायला जाणारे दांडगे मुलगे इथेच फसतात. पण हे दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं करायचं असतं, आणि आमच्या व्यवसायातल्या कंबरा आणि अंगठे बघितलेत तर "हलकं" हा शब्द तोंडातून निघायचा नाही.

रक्त नाही हेही अर्धंच खरं. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची छाती मोकळी करताना, सक्शनला, म्हणजे नळीनं कफ ओढून काढायला, मदत करताना, नळ्या सांभाळत त्याला कुशीवर वळवताना जे काय बघावं लागतं ते नाजूक पोटाचं काम नव्हे. कार्डिओ-रेस्पिरेटरी, म्हणजे हृदय-फुफ्फुसांची फिजिओ, हा शेवटच्या वर्षाचा अख्खा विषय आहे. टीव्हीवरच्या फिजिओत तो नसतो म्हणून कुणाला माहीत नाही, इतकंच.

टीव्हीवरून आठवलं. आमच्या वेळी अँड्र्यू लायपस आणि मग जॉन ग्लॉस्टर भारतीय संघाचे फिजिओ होते. कुणी खेळाडू मैदानावर आडवा झाला की बॅग घेऊन धावत येणारा माणूस. माझ्या बॅचमधले दोन-तीन मुलगे निव्वळ ते धावणं बघून या लाईनला आले होते. आता आयपीएल आहे, प्रो कबड्डी आहे, त्यामुळे ही मंडळी वाढली आहेत. आमच्या भागात त्यात तालमीतली आणि कबड्डीची पोरं भर घालतात. गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला, ऑपरेशन झालेलं, मग सहा-आठ महिने फिजिओकडे घालवलेले. मैदान सुटलं, निदान मैदानाच्या कडेला तरी राहू, असा त्यांचा हिशोब. ही पोरं मला आवडतात. थेराबँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, हातात घेतला की त्यांना शिकवावं लागत नाही, आणि ऑपरेशननंतरच्या व्यायामाचा कंटाळा म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगलेलं असतं. त्यांची पंचाईत होते ती तिसऱ्या वर्षात, ओपीडीला बसल्यावर. समोर खेळाडू नसतात. साठीतल्या मावशींचे झिजलेले गुडघे असतात, मान आखडलेले बँकेतले साहेब असतात, ट्रॅक्टरवरून पडलेले दादा असतात, मधुमेहामुळे पायाची जाणीव गेलेले आजोबा असतात. संघाबरोबर फिरणारा फिजिओ एक, आणि त्या एका जागेसाठी देशभरातून अर्ज. हे त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं तर ऐकू येत नाही.

चौथी तऱ्हा थोड्यांची, पण मी तिची वाट बघत असते. परवाच्या बॅचला जत तालुक्यातली एक मुलगी आली. वर्गात बोलली नाही, तास संपल्यावर मागे रेंगाळली. तिच्या आज्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती दहावीत होती. फिजिओ लांबून मोटारसायकलवर यायचे, त्यामुळे रोज येणं शक्य नव्हतं. ते व्यायाम दाखवून जायचे आणि बाकीचे दिवस ही करून घ्यायची. मी तिला सहज विचारलं, काय काय शिकवलं होतं? म्हणाली, "आधी एक गोष्ट सांगितली होती, आज्याला उठवताना त्या हाताला धरून ओढायचं नाही. पण पाहुणे यायचे आणि नेमकं हात धरूनच उठवायचे. मी भांडायचे." झटक्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात, हात ओढला की सांधा खाली निसटतो आणि मग ते दुखणं हात सुधारूच देत नाही. अंतिम वर्षाच्या तोंडी परीक्षेत हे विचारलं तर निम्मे चाचरतात. हिनं ते पाहुण्यांशी भांडून पाठ केलेलं.

तरीही, कारण चांगलं म्हणून विद्यार्थी चांगला निघतो असं मी म्हणणार नाही. घरातल्या आजारपणातून आलेल्या काही मुलांना प्रत्येक पेशंटमध्ये आपला माणूस दिसतो आणि ती लवकर थकतात. उलट मार्क कमी पडले म्हणून आलेला, पहिली दोन वर्षं तोंड पाडून बसणारा एक मुलगा आज न्यूरोचा, म्हणजे मेंदू-नसांच्या आजारांचा, असा फिजिओ झाला आहे की माझ्याकडचे अवघड पेशंट मी त्याच्याकडे पाठवते.

कधी कधी वाटतं, अगदी पहिल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला असता तर काय उत्तर आलं असतं? देशातलं फिजिओचं पहिलं स्कूल १९५३ साली मुंबईत केईएमला सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, आणि त्यामागचं मोठं कारण होतं पोलिओ. वॉर्डात लुळ्या पायांची लेकरं होती, म्हणून फिजिओ हवे होते. भारतातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आज माझ्यासमोर बसणाऱ्या पोरांनी पोलिओ पाहिलेला नाही. पण पायाला आधाराचा कॅलिपर घालून, कुबडी घेऊन येणारे पन्नाशी-साठीतले लोक अजून येतात, आणि त्यांची तक्रार पायांची नसतेच. आयुष्यभर कुबड्यांवर भार टाकून खांदे गेलेले असतात. अशा पेशंटला मी मुद्दाम पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर बोलतं करते. एकेकानं स्वतःच्या बालपणीच्या व्यायामांचं असं वर्णन केलं आहे की वर्गात चुळबूळ थांबते.

आता पैसा आणि नाव. आईवडील हे दोन प्रश्न आवाज खाली आणून विचारतात. "नावापुढे डॉक्टर लागतं ना?" गेल्या वर्षीपासून याचं उत्तर देताना मला हसू आवरत नाही. फिजिओसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात नावाआधी डॉ. आणि नावामागे पीटी असं लावायला मुभा दिली. ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन झाला, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र आलं की डॉ. लावू नका. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पत्र मागे घेतलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढ्या वेळात आनंद, दुखवटा आणि पुन्हा आनंद साजरा झाला. माझं म्हणणं सोपं आहे: त्या दोन अक्षरांसाठी येणार असाल तर येऊ नका. पेशंट तुम्हाला काहीही म्हणतात. मला "शेकवाल्या मॅडम" म्हणणारी एक आजी होती आणि तिचा माझ्यावर सर्जनपेक्षा जास्त विश्वास होता.

पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवातीचा पगार बघून घरचे नाराज होतात. साडेचार वर्षं, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप, खासगी कॉलेजची फी, आणि हातात येणारी पहिली नोकरी, यांचा मेळ बसत नाही. नव्या आराखड्यात इंटर्नशिप वर्षाची, म्हणजे कोर्स पाच वर्षांचा. स्वतःचं क्लिनिक चालायला गावात तोंडओळख व्हावी लागते, ती काही वर्षांनी होते. म्हणूनच बरेच जण ॲडमिशन घेतानाच बाहेरदेशी जायचं ठरवून येतात. इंग्लंडला जायचं तर तिथल्या एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी, अमेरिकेला जायचं तर कागदपत्रांची छाननी आणि मग एनपीटीई ही परवान्याची परीक्षा. दुसऱ्या वर्षातली पोरं या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार असतात. जाऊ देत, त्यातही मला काही गैर दिसत नाही. फक्त पॅथॉलॉजीच्या तासाला त्याचे व्हिडिओ बघू नयेत.

सल्ला मागायला येणाऱ्यांना मी हल्ली काही समजावत बसत नाही. पोराला एक सकाळ माझ्या क्लिनिकमध्ये बसवा, एवढंच सांगते. पेशंटची परवानगी घेऊन मी त्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवते. आईवडील बाहेर.

मागच्या जुलैत एक मुलगी अशीच बसली होती. आईला फिजिओच हवं होतं, यादीत पहिल्या नंबरला लिहूनही ठेवलेलं. त्या दिवशी पहिल्या पेशंट होत्या शाळेतल्या एक बाई, शुगर असलेल्या, खांदा आखडलेला. मधुमेहात हे दुखणं बरेचदा दिसतं. मी गोनिओमीटर लावून त्यांचा हात बाहेरच्या बाजूला किती फिरतो ते मोजलं. महिन्यापूर्वी वीस अंश होते, त्या दिवशी पस्तीस. मी खूश. बाई म्हणाल्या, "काडीचाही फरक नाही, मॅडम." मग मी म्हटलं, अंबाडा घालून दाखवा. त्यांनी हात मागे नेला, पिन खोचली, आणि स्वतःच दचकल्या. पुढे मी तोच हात तसाच फिरवत राहिले, थांबत, श्वास सोडायला सांगत, पुन्हा फिरवत. मग पुढचा पेशंट, गुडघ्याचा सांधा बदललेला, त्याच्याकडून तोच गुडघा वाकवून घेणं, सरळ करणं, वाकवून घेणं.

दुपारी मी मुलीला विचारलं, काय वाटलं? तिनं माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, "अंबाड्याचं भारी होतं. पण मधे फार कंटाळा आला. तेच तेच आहे."

मला ती पोरगी फार आवडली. तेच तेच आहे, हे तिनं एका सकाळी ओळखलं. तिनं शेवटी बीएस्सी ॲग्री घेतलं, कोल्हापूरला आहे, मजेत आहे म्हणे. आई मात्र माझ्यावर अजून थोडी फुगून असते. गुडघे दाखवायला येते माझ्याकडेच.