काजळी

आजी तिळाच्या तेलाच्या दिव्यावर पालथी वाटी धरून काजळ पाडायची. धरलेली काजळी तुपात खलून डबीत भरली, की उरलेलं बोट माझ्या गालावर.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट बायकांबद्दल वाचताना मला हीच काजळी भेटली. त्यांचा दिवा म्हणजे कुल्लिक: मऊ दगडाचा, पसरट, सीलच्या चरबीवर जळणारा. उजेड, ऊब आणि स्वयंपाक सगळं त्याच्यावर. त्याची राखण बाईकडे आणि काजळीही तिचीच. कॅरिबू हरणाच्या स्नायूच्या कंडरेचा धागा तेला-काजळीत बुडवायचा, सुईत ओवायचा आणि चक्क कातडीतून ओढायचा. टाके घालत गोंदण! ज्या सुईनं घरादाराचे चामड्याचे कपडे शिवायचे, तिनंच हनुवटीवरच्या रेघा. गोंदणारी बहुतेक बाईच, गोंदून घेणारीही बहुतेक बाईच.

चेहऱ्यावरच्या गोंदणाला तुन्नीत म्हणतात. पण मला भावलं ते मांडीवरचं. बाळ जगात येताना त्याला पहिल्यांदा काहीतरी सुंदर दिसावं, म्हणून ते गोंदायचं. कुणी बघो न बघो, बाळानं बघितलं की पुरे.

गोंदण नसलेल्या बाईचं मेल्यावर काय होतं, हे कॅनडातल्या नेत्सिलिक गटाच्या इनुइटांनी संशोधक रासमुसेनला शंभरेक वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ती जमिनीखालच्या एका उदास गावी जाते, आळशी शिकाऱ्यांच्या पंगतीला. तिथे सगळे मान खाली घालून बसलेले. खायला फक्त फुलपाखरं, तीही डोक्यावरून उडाली तर! 'गोंदण तेवढं बरोबर येतं' म्हणणारी आमची आजी या मानानं सौम्यच म्हणायची.

पुढे मिशनरी आले, गोंदण पाप ठरलं आणि रेघा थांबल्या. अलीकडे नाती-पणती त्या पुन्हा काढून घेतायत. 2016 मध्ये कॅनडातल्याच कुगलुक्तुक गावात होव्हाक जॉन्स्टन या इनुइट बाईंनी बायकांना जमवून गोंदण केलं, काहींचं जुन्या टाक्यांनी.

ग्रीनलंडमध्ये किलाकित्सोकला 1972 साली थंडीनं जपलेली, साधारण पाचशे वर्षांपूर्वीची प्रेतं सापडली. सहा बायका, दोन मुलं. पाच बायकांच्या चेहऱ्यावर गोंदण, सहावीचा कोरा. नेत्सिलिकांचा कायदा तिथे लागू नसावा. तरी मला उगाचच तिच्या जेवणाची काळजी वाटते.