बँकॉक ते सिंगापूर: तिकिटावरची वेळ कशी वाचायची

कोल्हापुरातून थायलंड आणि सिंगापूर एकाच सहलीत उरकणारे आता बरेच आहेत. त्यांचा हिशेब बहुतेकदा मधल्या विमानाशी चुकतो. सुटायची वेळ सकाळी ९, पोचायची १२:२५. म्हणजे जवळजवळ साडेतीन तास? नाही, दोन तास पंचवीस मिनिटं. सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे असतं आणि तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या छापतात. परतताना उलट, ९ ला निघून साडेदहाच्या आत पोचल्यासारखं दिसतं. आपल्या घड्याळापेक्षा बँकॉक दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास.

बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ ते सिंगापूरचा चांगी विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे १,४१५ किमी. कोल्हापूर-दिल्लीपेक्षा थोडंच जास्त. ताशी ८३० किमीने भागाकार केला तर पावणेदोन तासही होत नाहीत. मग वरची चाळीस मिनिटं कुठली? वेळापत्रकातला वेळ विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची सरपट, उड्डाणाची रांग, वर चढताना आणि खाली उतरताना कमी असलेला वेग, सगळं त्यात येतं. दुपारनंतर मलाय द्वीपकल्पावर गडगडाटी ढग उभे राहतात. त्यांना वळसा पडतो, कधी चांगीजवळ घिरट्याही घालाव्या लागतात. म्हणून सकाळचं विमान घ्यावं, हे आमचं ठाम मत.

खरा घोळ बँकॉकच्या दोन विमानतळांचा. मुंबईहून सुवर्णभूमीला उतरायचं आणि पुढचं स्वस्त तिकीट डॉन मुआंगचं, असं सर्रास होतं. दोन्हींमध्ये चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत दीड तासही लागतो. तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅगा पुढे आपोआप जात नाहीत. थायलंडचं इमिग्रेशन, बॅगा उचलणं, पुन्हा चेक-इन, हे सगळं करावं लागतं. विमानतळ एकच असेल तरी मध्ये किमान पाच तास ठेवा, बदलायचा असेल तर सात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

सिंगापूरचा व्हिसा आधीच काढलेला हवा. शिवाय अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात येत असल्याचा सरकारी फॉर्म, पोचण्याच्या दिवसासकट आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे. चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे, तेव्हा खिशातली पुडी घरीच काढून ठेवा.

हॉटेल ते हॉटेल धरलं तर सात-आठ तास जातात. त्या दिवशी दुपारी काही बघायला जायचं तिकीट काढू नका. परतीला चांगीवर टर्मिनल १ ते ३ मध्ये सामानाची तपासणी थेट गेटवर होते, त्यामुळे पाण्याची बाटली गेटपर्यंत चालते, पण शेवटच्या क्षणी धावत आलेल्याला तिथेच रांग लागते. टर्मिनल ४ बाकीच्यांपासून वेगळं आहे, तिथे जायला मोफत बस मिळते.