स्टेशनच्या बारमधली तीन मिनिटं

उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या काठाने लेक्कोहून कोलिकोकडे जाणारी रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. कोकण रेल्वेसारखी इथेही क्रॉसिंगला गाडी थांबते, त्यामुळे दोन-चार मिनिटांचा उशीर कुणी मनावर घेत नाही. याच मार्गावर 1902 साली विजेवरच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. आपल्या मुंबईत पहिली विजेची गाडी धावली ती 1925 साली! आज मात्र आमच्या लहानशा स्टेशनवर तिकीट खिडकी बंद, स्टेशनमास्तर नाही. उघडा असतो तो फक्त बार.

बार म्हटल्यावर आई फोनवर गप्पच झाली होती. तिला समजावून सांगावं लागलं की इटलीत बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान. सकाळी सहाला उघडतं. पेपर, सिगारेट, रेल्वेची तिकिटं, सगळं तिथेच मिळतं. संध्याकाळी वाइनही मिळते, पण सकाळी सगळ्यांना हवी असते ती कॉफीच.

इथे 'काफ्फे' म्हटलं की एस्प्रेसोच समोर येते. 'लात्ते' मागाल तर नुसतं दूध मिळेल, कारण लात्ते म्हणजेच दूध. आणि कॉफी प्यायची ती काउंटरला टेकून, उभ्यानेच. मोठ्या शहरांत टेबलावर बसलं की तीच कॉफी बरीच महाग पडते. आमच्याकडे सव्वा-दीड युरोत काम होतं. मोठ्या स्टेशनांवर आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती दाखवावी लागते, इथे मात्र आधी कॉफी प्यायची आणि मग पैसे द्यायचे.

काउंटरमागच्या बाई साठीच्या आहेत. मी मनातल्या मनात त्यांना काकू म्हणते. त्यांचे हात बघण्यासारखे आहेत. आधीचा वापरलेला चोथा लाकडी दांड्यावर ठक्कन आपटून काढायचा, मूठ लावलेल्या गाळणीत साधारण सात ग्रॅम ताजी पूड भरायची, दाबायची, मूठ फिरवून मशीनला अडकवायची. कप मशीनच्या डोक्यावर उपडे घातलेले असतात, म्हणून ते हातात घेतले की गरम लागतात. पंचवीसेक सेकंदांत मधासारखी धार पडते आणि वर बदामी साय धरते. ही साय, म्हणजे 'क्रेमा', येते दाबामुळे. मिलानच्या अकिल्ले गाज्जाने 1938 साली पेटंट घेतलं ते याच दाबाच्या पद्धतीचं. त्याआधीची कॉफी वाफेवर निघायची आणि करपट लागायची म्हणतात.

एवढी कसून केलेली कॉफी आपण तीन घोटांत संपवतो. पण त्या तीन घोटांसाठी शाळेतले मास्तर, रस्त्याच्या कामावरचे मजूर, बँकेतली मुलगी, सगळे एकाच फळीला कोपर टेकून उभे असतात. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर चहाच्या गाड्याभोवती सकाळी जमतात ना, अगदी तसेच. पहिल्या वर्षी मला इथे फार एकटं वाटायचं. दिवसभरात माझ्याशी जे काही बोलणं व्हायचं त्यातलं पहिलं वाक्य या काकूंचं असायचं. सुरुवातीला त्या मला आदरार्थी 'लेई' म्हणायच्या, आपल्या 'तुम्ही'सारखं. एका पावसाळी सकाळी, छत्री विसरून मी निघाले तर मागून हाक आली ती 'तू' करून. त्या दिवशी ऑफिसला पोचेपर्यंत मला बरं वाटत होतं.

यंदा गावाहून येताना मी चिकमगळूरच्या रोबस्टाचं, म्हणजे कडक चवीच्या कॉफीच्या जातीचं, पाकीट आणलं. भारताची कॉफी सगळ्यात जास्त इटलीच घेते, आणि इथल्या बऱ्याच मिश्रणांत आपली रोबस्टा असते, ही गोष्ट मला इथे येऊन कळली. काकूंनी पाकीट उघडलं, नाक आत घातलं, डोळे मिटले. मशीनमध्ये त्यांनी ती घातली नाही, घरी नेली.

दुसऱ्या दिवशी गाडी सात मिनिटं उशिरा होती. काकूंनी काउंटरखालून एक थर्मास काढला आणि माझ्यासाठी छोट्या कपात ओतलं. काल रात्री मोकापॉटमध्ये, म्हणजे शेगडीवर ठेवायच्या इटालियन कॉफीच्या भांड्यात, करून पाहिली होती म्हणे, आज पहाटे पुन्हा केली. घट्ट आणि चांगली कडू झाली होती. त्यांनी स्वतःलाही अर्धा कप घेतला. काउंटरच्या पलीकडे त्यांना कॉफी पिताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पैसे द्यायला पाकीट काढलं तर त्यांनी माझा हातच धरला.