तुम्ही विचारलंत म्हणून: इथं सायकल चालवते कोण?

"सर, आपल्या इकडं सायकल चालवते कोन आता? पोट्टे त सारे गाडीवर फिरतेत. हे काय पुनं हाय का?"

टपरीवर, पंगतीत, बँकेच्या रांगेत मला हे हमखास ऐकावं लागतं. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून मी सायकलींसाठी रस्त्याकडेला जागा मागत अर्ज करतो, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला ठाऊक आहे. विचारणारा बहुधा मोटारसायकलवर बसून विचारतो, तीही चालूच ठेवून.

मी म्हणतो, सकाळी दहाला फाट्यावर या. आजूबाजूच्या गावांतल्या पोरी येताना दिसतील. दप्तर कॅरिअरला, ओढणी कमरेला गच्च, नाहीतर ती चेनमध्ये जाते. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर. म्हणजे सायकल सरकारनं दिली. ती चालवायची कुठं, हे सांगायचं राहून गेलं. हंगामात कापसाच्या जिनिंगची रात्रपाळी करून परतणारे गडीही त्याच रस्त्यावर असतात, पण ते कुणाला दिसत नाहीत, कारण तेव्हा आपण अंथरुणात असतो.

२०११च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती, मोटारसायकल-स्कूटर २१ टक्के घरांत. त्यानंतर गाड्या वाढल्या, नाही कोण म्हणतो? पण गाडी घरात एकच. ती बाप नेतो, नाहीतर मोठा पोरगा. पोरीच्या वाट्याला सायकल, आईच्या वाट्याला पाय. तेव्हा "सारे गाडीवर" यातले सारे म्हणजे कोण, ते ज्यानं त्यानं आपल्या घरात मोजावं.

माझं सगळं भांडण साईडपट्टीपाशी येऊन थांबतं. शाळेकडे येणारा चार किलोमीटरचा रस्ता सिमेंटचा झाला. गुळगुळीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या डांबरावर सिमेंट चढलं, रस्ता उंच झाला आणि साईडपट्टी खालीच राहिली. कडेला मुरूम टाकतात, तो पहिल्या दोन-चार पावसांत वाहून जातो. खाली आमची काळी माती. पावसात फुगते, मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की सायकलचं चाक उभं रुतावं.

आठवीतली एक पोर पडली तेव्हा मी मागेच होतो. "मांगून टरक आला, म्हून मी सायकल खाली घातली," ती म्हणाली. पण ती खाली घालताना पडली नव्हती, वर घेताना पडली. पुढचं चाक सिमेंटच्या कडेला घासत राहतं, चढत नाही, हँडल आपोआप वळतं आणि माणूस आडवा होतो तो रस्त्याच्या बाजूला, जिकडून गाड्या येतात. तिच्या कोपराचं कातडं गेलं, एवढ्यावर निभावलं. घरच्यांनी आठ दिवस शाळेत पाठवलं नाही. सायकल मात्र दुसऱ्याच दिवशी भाऊ घेऊन फिरत होता.

आणि पावसाळ्यात साईडपट्टीवरून गेलं की चिखल मडगार्डात असा बसतो की चाकच फिरत नाही. पोरी बाभळीची काडी घेऊन उकरत बसतात. काही जणींनी मडगार्डच काढून टाकलंय, मग युनिफॉर्मच्या पाठीवर चिखलाची रेघ आणि वर्गात हसू.

म्हणून मला पुण्यासारखे रंगवलेले पट्टे नकोत. त्यांच्यावर गाड्या लागतात हे मी तिकडे लेकीकडे जाऊन पाहिलंय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दीड मीटर पक्की पट्टी, सिमेंटला अगदी समपातळीत, आणि बाहेरच्या अंगाला कडुनिंब. सावली हा इथं शृंगार नाही. पारा पंचेचाळीसला टेकतो तिथं झाडाविना सायकलमार्ग म्हणजे तवा. रुंदीकरणात जुन्या चिंचा गेल्या, त्यांच्या बदल्यातली रोपं ट्री-गार्डातच वाळली. सायकलमार्गाची मानकं भारतीय रस्ते काँग्रेसनं १९६२ सालीच काढली आहेत, तेव्हा मी काही नवीन मागत नाही.

मधूनच कुणी सुचवतं, शकुंतला, म्हणजे आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे, बंदच आहे, तिच्या रुळांच्या जागेवर सायकलमार्ग करा. मला ते पटत नाही. लोक ती गाडी परत मागतायत, त्यांच्या मागणीवर आपली सायकल का घालायची?

एका बैठकीत मला विचारलं गेलं, "सायकलवाल्यांची मागणी आहे का?" बैठक दुपारी बाराला होती. पोरी वर्गात, मजूर कामावर. खोलीत आलेल्यांपैकी सायकलवर मी एकटाच, आणि माझी सायकलही खाली गाड्यांच्या मागे अडकलेली.

परवा नाल्याजवळ शाळेतली फूटपट्टी लावून सिमेंटच्या कडेची उंची पुन्हा मोजली. उन्हाळ्यात मुरूम टाकला तेव्हा कड तीन इंच होती. आता साडेसात भरली. जुना अर्ज काढला, आकडा बदलला, तारीख नवी घातली.