फोटो बरा होत नाही

प्रदर्शनात, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर, कधी एखाद्या संपादकांच्या फोनवर, मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: तुमच्या टीबीच्या फोटोंमध्ये पेशंटचा चेहरा का नसतो? पाठ असते, हात असतात, खिडकी असते, गोळ्यांची पाकिटं असतात. पण चेहराच दिसला नाही तर लोकांना पाझर कसा फुटणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सुरुवातीला मी चेहरेच काढत होते.

मी कुणाच्या नोकरीत नाही. आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, मासिकं, अधूनमधून परदेशी एजन्सी दिवसाच्या मानधनावर बोलावतात. सिकल सेल या रक्ताच्या आजारासाठी नंदुरबारला गेले, कुपोषणासाठी मेळघाटात, पण सगळ्यात जास्त काम मुंबईत, टीबीवर. जगातल्या टीबी पेशंटपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. त्यामुळे अहवाल जिनिव्हात छापला जाणार असला, तरी फोटो अनेकदा मुंबईतल्या गोवंडीचा असतो.

२०१६ साली अशाच एका कामासाठी एका मुलीच्या घरी गेले. एकोणीस वर्षांची, एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. तेव्हा त्याचे उपचार दीड-दोन वर्षं चालत आणि सुरुवातीचे काही महिने रोज इंजेक्शन असे. तिचा संसर्गाचा काळ संपला होता. डॉक्टरांनी मास्कची गरज नाही म्हटल्यावर तिने तो काढून उशीखाली ठेवला आणि खिडकीशी येऊन बसली. सरळ माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी काढलेला फोटो पुढे पुष्कळ ठिकाणी छापला गेला. संमतीच्या फॉर्मवर तिची सही होती. फॉर्म मराठीत होता, मी वाचूनही दाखवला होता.

तीन वर्षांनी तिचा फोन आला. ती पूर्ण बरी झाली होती, दुकानात कामाला लागली होती, लग्नाची बोलणी चालली होती. मुलाकडच्या कुणीतरी एका कॅलेंडरवर तिला पाहिलं. ती चिडली नव्हती, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी बरी झाले. पण त्या कॅलेंडरमध्ये मी अजून आजारीच आहे."

ती बोलणी तिथेच थांबली.

मी माझा करार काढून वाचला. सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे. खाली माझी सही. संस्थेने वेबसाइटवरून फोटो काढला, पण कॅलेंडरं वाटून झाली होती.

तिच्या सहीचा मी नंतर खूप विचार केला. ज्या डॉक्टरांमुळे औषध मिळतंय, त्यांच्यासोबत आलेल्या बाईला, म्हणजे मला, ती मुलगी नाही म्हणू शकली असती का? आणि सही करताना तिच्यापुढे प्रश्न होता आपण जगणार का, हा. तीन वर्षांनी आपलं स्थळ बघायला कुणी येईल, याचा विचार तिने कुठून करायचा? तो मी करायला हवा होता.

या व्यवसायातल्या मोठ्या माणसांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी १९७१ मध्ये जपानच्या मिनामाता शहरात एक फोटो काढला. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याचं विष माशांतून आईच्या पोटात आणि तिथून गर्भात गेलं. जन्मापासून अपंग असलेल्या त्या मुलीला आई टबात अंघोळ घालते आहे, असं ते चित्र. मिनामाता जगाला कळलं त्यात या एका फोटोचा वाटा फार मोठा. पण मुलगी गेल्यावरही तो छापला जातच राहिला आणि आईवडिलांना ते सोसेना. शेवटी १९९८ मध्ये स्मिथ यांच्या पूर्वीच्या पत्नी आयलीन यांनी तो यापुढे छापायला न देण्याचा निर्णय घेतला. फोटो परत घेता येतो, हे मला तिथे कळलं.

याचा अर्थ चेहरा दाखवूच नये असं नाही. नंदिता व्यंकटेशन यांचं उदाहरण घ्या. मुंबईच्या, टीबीच्या इंजेक्शनमुळे ऐकू येणं गेलं, पण त्या स्वतःच्या नावानिशी, चेहऱ्यानिशी उभ्या राहिल्या. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासोबत त्यांनी टीबीवरच्या बेडाक्विलिन या औषधाचं पेटंट लांबवण्याच्या अर्जाला आव्हान दिलं आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. तिथे चेहरा त्यांचा आणि निर्णयही त्यांचा. माझ्या फोटोतल्या मुलीच्या बाबतीत निर्णय माझा होता.

आता मी पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढत नाही. दुसऱ्या भेटीत फोटो, तिसऱ्या भेटीत त्यांच्या हातात छापील प्रत, आणि मग सही. करारात मुदत दोन वर्षांची, आणि पेशंटने कधीही सांगितलं तर वापर बंद. या अटीपायी कामं गेली आहेत. एकदा तर आठ दिवसांचं ठरलेलं काम विमानाचं तिकीट निघाल्यावर गेलं. ते महिने कठीण जातात, पण अट काढणार नाही.

राहिला पाझराचा प्रश्न. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लुभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसनाच्या वसाहतींत एकदा भर दुपारी जा. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन उतरतच नाही. एप्रिलच्या दुपारी बारा वाजता, दाराशी उभी राहून, मला कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो टिपण्याची क्षमता, ६४०० वर न्यावा लागतो. टीबीचे जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगतात, उन्हात मरतात. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासातही या वसाहतींतला कोंदटपणा आणि टीबी यांचा संबंध पुढे आला. माझा लाइट मीटर तेच सांगत होता. मी मात्र इतकी वर्षं त्या अंधाराकडे फक्त फोटोतली अडचण म्हणून बघत होते आणि खिडकी शोधून पेशंटला तिच्याशी बसवत होते. आता मी तिथल्या अंधाऱ्या जिन्याचा फोटो काढते. दुपारी पेटवलेली ट्यूबलाइट काढते. घरात पेशंटसाठी वेगळं ठेवलेलं एकच ताट काढते. हे बघून कुणाला पाझर फुटला नाही तरी चालेल. या इमारतींचा आराखडा मंजूर कुणी केला, एवढं त्यांनी विचारावं.

मागच्या वर्षी कामानिमित्त एका दवाखान्यात गेले होते. औषधांच्या कपाटाशेजारी ते कॅलेंडर अजून होतं. वर्ष केव्हाच उलटून गेलेलं, ती मात्र खिडकीशी बसलेली. मी सिस्टरना म्हटलं, हे मला द्याल का? त्यांनी स्टुलावर चढून काढून दिलं, कारण विचारलं नाही. घरी येऊन तिला फोन केला आणि सांगितलं, एक कमी झालं.