पेन्सिल आईनं खाल्ली

ऑफिसातून माझा फॉर्म परत आला तो लाल पेनानं रंगूनच. आहाराच्या पानावर एक गोल, रक्ताच्या पानावर एक गोल आणि समासात सरांच्या बारीक अक्षरात, 'हे दोन्ही खरं कसं?'

प्रश्न रास्त होता. सहाव्या महिन्यातली बाई. दोन वेळा भाकरी नाहीतर चपाती, रोज डाळ, आठवड्यातून तीनदा पालेभाजी, रविवारी अंडी, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं वेळच्या वेळी रिकामी. आणि हिमोग्लोबिन ७.९. तिसऱ्या महिन्यात तेच ९.६ होतं. गोळ्या घेऊन आकडा खाली! सर तोंडानं काही बोलले नाहीत, पण असा फॉर्म आला की ऑफिसात काय समजतात ते मला ठाऊक आहे. पोरीनं स्टेशनवर वडापाव खात भरला असणार.

गरोदर बायकांच्या आहारावरच्या एका अभ्यासासाठी मी घरोघर फिरते. पिशवीत दोन मापांच्या वाट्या, पोहे खायचा चमचा, पुठ्ठ्याच्या तीन चकत्या (लहान, मध्यम, मोठी चपाती) आणि छोटा डिजिटल काटा. काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते विचारायचं. मग पुन्हा पहिल्यापासून, वेळ लावून. मग तिसऱ्यांदा, 'मधे चहा? बिस्कीट? मुलाच्या ताटातलं काही?' पहिल्या फेरीत बाई जेवण सांगते, दुसरीत चहा आठवतो, तिसरीत वैतागते. वैतागली की खरं बोलते, हा माझा अनुभव. मॅडमसमोर पालेभाजी नेहमी थोडी जास्तच शिजते, तेही आता कळतं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला 'सरस' प्रकल्पाबद्दल सांगितलं होतं. २००६ ते २०१२, इथेच, मुंबईच्या वस्त्यांमध्ये. पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ बायकांना गरोदर राहायच्या आधीपासून दिला. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर बाळांच्या वजनात खास फरक निघाला नाही. ज्यांनी दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचं वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरलं. गरोदरपणातला मधुमेहही कमी झाला, १२.४ टक्क्यांच्या जागी ७.३. म्हणजे सहाव्या महिन्यात मी दारात उभी राहते तेव्हा बराच खेळ होऊन गेलेला असतो. पण माझ्या डोक्यात राहिली ती वेगळीच गोष्ट. त्या बायका केंद्रावर यायच्या आणि खाऊ तिथल्या ताईंसमोर बसून खायच्या. मला नुसतं विचारून लिहायचं असतं.

तर परत गेले. हार्बरची गाडी, मानखुर्द, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. जून लागला होता, पाऊस यायचा होता आणि सगळं अंग चिकचिकत होतं. कुटुंब मूळ जालन्याकडचं. तिला इथे मी सुमन म्हणते. नवरा बिगारी कामावर, घरात सासू आणि पाच वर्षांची मुलगी. दहा बाय बाराची खोली, पण भांडी अशी घासलेली की आपला चेहरा दिसावा.

"पुन्हा आल्या का ताई?" सुमन हसली. ओठ पांढुरके. बोलताना दम लागत होता आणि ती तो लपवत होती.

आधी रक्त. बोटाला टोचायचं, पहिले थेंब पुसून टाकायचे आणि मग आलेला थेंब पट्टीत घ्यायचा. घाईत पहिलाच थेंब घेतला किंवा रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं, की आकडा चुकतो. मागच्या वेळी माझ्या हातून तसं झालं असेल, अशी मला खरंतर आशाच होती. यंत्रानं दाखवलं ७.८.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, ७ च्या खाली तीव्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका ११ च्या खाली निघाल्या. आधीच्या पाहणीत ५०.४ टक्के होत्या. लोहाच्या लाल गोळ्या गावोगाव वाटल्या जातात तरी हे असं. एरवी हे आकडे मी तोंडपाठ म्हणते. त्या दिवशी समोर ७.८ धापा टाकत बसलं होतं.

"गोळी कधी घेतेस?"

"रात्री जेवल्यावर. दोन्ही संगंच. लाल बी अन् पांढरी बी."

पांढरी म्हणजे कॅल्शियमची. कॅल्शियम लोहाच्या आड येतं, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. आधीच्या तिन्ही भेटींत मी गोळ्या मोजल्या होत्या, रिकामी पाकिटं उलटसुलट करून पाहिली होती, पण कधी आणि कशाबरोबर हे विचारलं नव्हतं. फॉर्मात तसा रकाना नाही. चला, एक धागा हाती लागला, असं मनात म्हणत मी वाट्या मांडल्या.

मुलगी मधेमधे येऊन पुठ्ठ्याच्या चपात्या पळवत होती. तिला गुंतवायला म्हटलं, "तुझी पाटी आण बरं, मला माझं नाव काढून दाखव."

पाटी आणली. कोरी करकरीत, लाकडी चौकटीची. समोर धरून उभी राहिली.

"पेन्सिल कुठंय?"

"पेन्सिल आईनं खाल्ली."

मी हसले. मुलं काय वाट्टेल ते बोलतात. मग सुमनकडे पाहिलं तर ती हसत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

सासूनं मात्र मोकळेपणानं सांगून टाकलं. "डोहाळे हायेत मॅडम, त्यात काय! हिच्या बापाच्या टायमाला म्या चुलीची माती खाल्ली. इथं कुठली आली चूल? मग पेनसल खाती. मीच आणून देते दुकानातून, गरवारशीला न्हाई म्हणू न्हाई."

"आत्या!" सुमन पुटपुटली.

मी पेन खाली ठेवलं. तीन भेटी मी तिला विचारत होते, 'अजून काही खाल्लंस का?' आणि तिचं 'नाही' शंभर टक्के खरं होतं. पेन्सिल म्हणजे खाणं थोडंच? आपण तरी धरू का? प्रश्नातच खोट होती, आणि मी सगळ्या वाट्यांनिशी तिच्या बाजूला बसून ती खोट नीट अक्षरात भरत होते.

"मला रागवायचं नाहीये गं. कुठे ठेवतेस?"

तांदळाच्या डब्यामागून तिनं एक कागदी खोकं काढलं. आत पाटीवरच्या पांढऱ्या पेन्सिली, तळाला चुरा. दिवसाला किती? तिनं चार बोटं दाखवली, मग जरा थांबून पाचवं अर्धं वाकवलं. दुपारी घर शांत झालं की. आधी हुंगायची, थोडं पाणी लावायची, मग कडकन तोडायची.

"पाणी लावलं की पहिल्या पावसाचा वास येतो ताई. जिवाला गार वाटतं. चपाती बघितली की मळमळतं, पण ह्याला न्हाई."

"मग चपाती किती खातेस खरंच?"

"एक. कधी अर्धी." सासूकडे न बघता. "तुम्ही विचारता तवा आत्या इथंच बसलेल्या असत्यात. त्यांनी दोन वाढलेल्या असत्यात ना."

दोन वाढल्या हे खरं होतं. उरलेली मुलीला जात होती.

मी चार पेन्सिली काट्यावर ठेवल्या. अकरा ग्रॅम. हे का केलं, मला आजही नीट सांगता येणार नाही; सवय. अशा पेन्सिली बहुतेक चुनखडीच्या, म्हणजे पुन्हा कॅल्शियमच, आणि तेही दिवसभर. लोह कमी म्हणून असलं खावंसं वाटतं की असलं खाऊन लोह कमी होतं, याचं साधं उत्तर नाही, दोन्ही बाजूंनी गाठ बसते. लोह भरून निघालं की ही ओढ पुष्कळदा आपोआप ओसरते, एवढं मात्र दिसतं. तिला मी तेच सांगितलं. 'घाण आहे, सोड' असं म्हटलं असतं तर खोकं तांदळाच्या डब्यामागून गव्हाच्या डब्यामागे गेलं असतं, दुसरं काही नाही.

सासूबाईंना समजावणं जास्त अवघड गेलं. "आमाला काय झालं मग? धा पोरं जगली का मेली ते इचारा की," त्या म्हणाल्या, आणि मग आपणच गप्प झाल्या. मीही विचारलं नाही.

हेल्थ पोस्टच्या सिस्टरना तिथूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहात पाठवलं, डॉक्टरांनी तपासून सलाईनमधून लोह द्यायचं ठरवलं. जंताची गोळी घेतल्याची नोंद कार्डावर नव्हती, तीही दिली. लाल गोळी सकाळी लिंबाच्या पाण्याबरोबर, पांढरी रात्री, हे कार्डावर दोन रंगांच्या पेनांनी लिहिलं, कारण सुमनला वाचता येतं पण सासूला रंग कळतात आणि गोळ्या सासूच्या ताब्यात असतात.

ऑफिसात सरांसमोर फॉर्म ठेवला. आमच्या संगणकात प्रत्येक पदार्थाला कोड आहे, बोंबलाला आहे, शेवपुरीला आहे. पेन्सिलीला नाही. 'इतर' टाकलं की संगणक किती ग्रॅम विचारतो.

"वजन केलंस?" सरांनी विचारलं.

"केलं."

त्यांनी बराच वेळ कागद पाहिला आणि लाल पेनाचं टोपण लावलं. पुढच्या सोमवारी फॉर्मात एक ओळ वाढली, 'जे आपण जेवण समजत नाही असं काही खावंसं वाटतं का? माती, खडू, पेन्सिल, राख, कच्चे तांदूळ, बर्फ?' ओळ मी लिहिली होती. 'जे आपण जेवण समजत नाही' हे शब्द सरांना फार लांबलचक वाटले, पण मी ते काढू दिले नाहीत. त्याच आठवड्यात तिसऱ्याच घरी एका बाईनं लाजत लाजत गाऊनच्या खिशातून कच्चे तांदूळ काढून दाखवले.

महिन्याभरानं सुमनकडे गेले तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. आकडा ९.४. पेन्सिली सुटल्यात का, विचारलं तर म्हणाली, "एक. लई झालं तर दीड." सासूनं मान डोलावली. मी मुलीसाठी चित्रकलेची वही आणि मेणाच्या रंगीत खडूंची पेटी नेली होती. पेटी उघडून सासूनं एक खडू नाकाजवळ नेला, हुंगला आणि झाकण लावून पेटी फळीवर अगदी वर ठेवली.

"हे बी खाईल ती," म्हणाल्या.